सिंहगडावरून राजगडावरचा माणूस फोटोत दिसेल का? टेलिस्कोप, टेलिफोटो आणि मधली १५ किलोमीटर हवा

मामांचं वय आता अडुसष्ट. राजगडाच्या वाऱ्या मोजणं त्यांनी कधीच सोडून दिलं, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गुंजवण्याची वाट त्यांच्यासाठी बंद झाली. सिंहगडावर निदान गाडी वरपर्यंत जाते, म्हणून ते पंधरा दिवसांतून एकदा तिथे जातात, हळूहळू चालत झुंजार बुरुज गाठतात आणि समोर राजगड बघत बसतात. तिथून समोर राजगड, उजव्या हाताला तोरणा, खाली सगळं मावळ आणि पूर्वेला लांब पुरंदर. ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये.

डिसेंबरात असंच बसलो होतो तेव्हा मामा म्हणाले, "अरे, आत्ता तिथे बालेकिल्ल्यावर कुणी उभं असेल ना, तर फोटोत दिसेल का रे? आणि दिसायला पाहिजे असेल तर मी काय घेऊ, मोठी लेन्स का दुर्बीण?"

मी म्हटलं मामा, करून बघू. त्याची ही सगळी हकीकत, आकड्यांसकट, कारण "टेलिस्कोप घेऊ का ६००ची लेन्स घेऊ" हा प्रश्न मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच आणि एका वाक्यात त्याचं उत्तर देता येत नाही.

आधी कागदावर

झुंजार बुरुजापासून राजगड सरळ रेषेत साधारण १५ किलोमीटर. एवढ्या अंतरावर १ आर्कसेकंद म्हणजे सुमारे ७ सेंटीमीटर. (१ अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एक.) हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

आमच्याकडे तीन वस्तू होत्या. एक, मित्राची १५०-६०० मिमी फोकल लेन्थची झूम लेन्स, ६००ला एफ ६.३ (एफचा आकडा म्हणजे फोकल लेन्थ भागिले भिंगाचा व्यास). दोन, माझा स्काय-वॉचरचा ८०ईडी, म्हणजे रंगाची किनार कमी करणाऱ्या खास ईडी काचेचा, ८० मिमी भिंगाचा रिफ्रॅक्टर, फोकल लेन्थ ६०० मिमी, एफ ७.५. तीन, आकाशनिरीक्षण करणाऱ्या एका ओळखीच्यांकडून आणलेला १२७ मिमीचा मॅक्सुटोव, म्हणजे आत आरसे आणि पुढे जाड काच असलेला टेलिस्कोप, फोकल लेन्थ १५०० मिमी, म्हणजे जवळजवळ एफ १२. कॅमेरा तिन्हींना एकच, २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (फुल-फ्रेमपेक्षा लहान), पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा.

कुठलंही भिंग किती बारीक बघू शकतं ते त्याच्या व्यासावर ठरतं. ११६ला मिलिमीटरमधल्या व्यासाने भागलं की आर्कसेकंदात मर्यादा मिळते. ८० मिमीला येतात १.४५, १२७ला ०.९. आणि आता झूमचं बघा, ६०० भागिले ६.३ म्हणजे ९५ मिमी, म्हणजे १.२ आर्कसेकंद! म्हणजे कागदावर झूम माझ्या टेलिस्कोपपेक्षा बारीक बघते. मामांनी हे ऐकलं आणि लगेच म्हणाले मग संपलं की, लेन्स घेऊ.

पण संपलं नव्हतं. ६०० मिमीला या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल १.३४ आर्कसेकंद झाकतो, म्हणजे राजगडावर जवळपास १० सेंटीमीटर. शेजारशेजारच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसायला निदान दोन पिक्सेल लागतात, म्हणजे झूम काय आणि ८०ईडी काय, दोघांचीही ताकद पूर्ण वापरली जायच्या आधीच सेन्सर हात टेकतो. मॅक्सुटोवला मात्र एक पिक्सेल ०.५४ आर्कसेकंदाचा, राजगडावर ४ सेंटीमीटरचा. साडेपाच फूट माणूस ६००ला सतराएक पिक्सेल उंच आणि १५००ला त्रेचाळीस. सतरा पिक्सेलमध्ये माणूस म्हणजे एक काडी. त्रेचाळीसमध्ये डोकं, धड, हात वर केला तर हात, एवढं यायला हरकत नाही.

हरकत हवेची होती, पण ते तेव्हा डोक्यात नव्हतं.

पहिली फेरी वाया

डिसेंबरातला रविवार, दुपारचे साडेबारा. त्याआधी अर्धा तास एका अडॅप्टरमध्ये गेला होता. टेलिस्कोपला कॅमेरा लावायला टी-रिंग लागते, तिचे आटे ४२ मिमी व्यासाचे आणि ०.७५ मिमी अंतराचे. जुन्या स्क्रू-माउंट लेन्सचा व्यासही ४२च, पण आट्यातलं अंतर १ मिमी. दोन्ही दिसायला सारख्या. दुकानातून आलेली रिंग दुसऱ्या प्रकारची निघाली, दीड वेढा गेली आणि अडकली. विकत घेताना हे दुकानदाराला स्पष्ट विचारा, नुसतं "४२ची द्या" म्हणू नका. नशिबाने ओळखीच्यांनी मॅक्सुटोवबरोबर त्यांची बरोबर रिंग दिली होती, दोन्ही टेलिस्कोपला तीच वापरली.

आणि मग तिन्हींमधून काढलेले फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर बघितले तर तिन्ही सारखेच. सारखेच म्हणजे सारखेच वाईट. सुवेळा माचीचा तट म्हणजे कुणीतरी ओल्या बोटाने पुसलेली रेघ. मॅक्सुटोवच्या फोटोत ती रेघ फक्त मोठी दिसत होती, जास्त काही कळत नव्हतं. लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट झूम केलं की अख्खा बालेकिल्ला तव्यावरच्या वाफेतून बघितल्यासारखा हलायचा. मामांना वाईट वाटलं. "एवढी पाच इंची दुर्बीण आणि हे?"

इथेच बहुतेक लोक थांबतात आणि "टेलिस्कोपने फोटो चांगले येत नाहीत" असं म्हणून मोकळे होतात, किंवा आणखी मोठा टेलिस्कोप घेतात. मला दोन्ही पटत नाही. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून वर येते, गरम-थंड हवेचे गोळे एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक गोळा प्रकाशाला थोडा वेगळा वाकवतो. चंद्राचा फोटो काढताना आपण वर बघतो, दाट हवेचा थर लवकर संपतो. इथे १५ किलोमीटरच्या १५ किलोमीटर त्याच दाट हवेतून आडवं बघायचंय. भिंग कितीही चांगलं असू दे, त्याच्यासमोर वितळणारी काच धरल्यासारखं आहे ते.

दुसरी फेरी, आरशासकट

मग ठरवलं की हवा मोजायची. मामेभाऊ तयार झाला राजगडावर जायला. त्याच्याबरोबर एक पांढरी चादर दिली आणि एक १० सेंटीमीटरचा साधा आरसा. आरसा का, तर १० सेंटीमीटर म्हणजे १५ किलोमीटरवरून १.४ आर्कसेकंद, जवळपास नुसता ठिपका. सूर्य त्यात चमकला की आपल्याला दिवसा एक कृत्रिम तारा मिळाला. तो ठिपका फोटोत जेवढा पसरलेला दिसेल तेवढी हवा खराब, अंदाज करायची गरजच नाही. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातही दिवसा लांबच्या टेकडीवरचं ठिकाण नेमकं दिसावं म्हणून आरशाने सूर्यप्रकाश पाठवायचे, त्याला हेलिओट्रोप म्हणत, तेव्हा ही युक्ती काही माझी नाही.

जानेवारीचा मधला आठवडा निवडला. मामेभाऊ अंधारातच गुंजवण्यातून टॉर्च लावून निघाला. आम्ही सूर्योदयाच्या बरंच आधी झुंजार बुरुजावर. मॅक्सुटोव आधी बाहेर काढून ठेवला, कारण त्याच्या पुढची काच जाड असते आणि गाडीतली ऊब तिच्यातून जायला पाऊण तास सहज लागतो, तोवर नळीच्या आतलीच हवा हलत राहते आणि आपण बाहेरच्या हवेला दोष देतो. ८०ईडीचं तसं नाही, पंधरा-वीस मिनिटांत तयार. झूमला तर काहीच नाही, पिशवीतून काढली की सुरू.

तिपाईचे पाय अजिबात लांब केले नाहीत, मधे पिशवी लटकवली, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, शटर टायमरवर, कॅमेऱ्याच्या आतला आरसा आधीच वर. झूमवर एक यूव्ही फिल्टर होता तो काढला, आणि हे मी आवर्जून सांगतो, १०० मिमीला न जाणवणारा साधा फिल्टर ६०० मिमीला फोटो सरळ मऊ करतो. समोर काहीही काच नको, हूड हवा.

फोकसचं एक सांगायचं राहील. माझी समजूत होती की १५ किलोमीटर म्हणजे अनंतच की, रात्री ताऱ्यावर फोकस करून ठेवला तर चालेल. १५०० मिमीला १५ किलोमीटरवरच्या वस्तूची प्रतिमा अनंताच्या प्रतिमेपेक्षा ०.१५ मिमी मागे पडते आणि एफ १२ला जेवढी चूक खपते तीही साधारण तेवढीच. म्हणजे अगदी काठावर. तेव्हा फोकस तिथेच, त्याच तटावर, लाइव्ह व्ह्यूमध्ये, आणि दर वीस मिनिटांनी परत. झूमच्या ऑटोफोकसने या धुकट अंतरावर पाच वेळा पाच वेगळ्या जागा दाखवल्या, मग तोही हातानेच केला.

सात वाजून चाळीस मिनिटांनी मामेभावाचा फोन. "पद्मावतीच्या तटावर आहे, दिसतोय का रे?"

नव्हता दिसत. मागे काळा कातळ, तो स्वतः गडद जॅकेटमध्ये, तिन्हीत काही नाही. चादर उघडायला सांगितली. सव्वादोन मीटरची पांढरी चादर, आणि मॅक्सुटोवच्या स्क्रीनवर एक फिकट चौकोन हलला. मामांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट. ६००लाही चादर दिसली, झूममधून आणि ८०ईडीमधून दोन्हीकडून, बावीसएक पिक्सेलचा पांढरा ठिपका. चादर हातात धरणारा मात्र कुठेच नाही.

मग आरसा. आरशाने परत फेकलेला प्रकाश सूर्यबिंबाएवढाच, म्हणजे अर्धा अंश पसरतो, तो झोत १५ किलोमीटरवर जेमतेम १४० मीटर रुंद असतो, तेव्हा नेम धरून बसणं शक्य नाही, त्याला सावकाश डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगितलं. दोन मिनिटं काहीच नाही. आणि एकदम नुसत्या डोळ्यांना एक चांदणी लागली राजगडाच्या कुशीत, दिवसाढवळ्या! मामा उभेच राहिले.

त्या चमकेचे फोटो मॅक्सुटोवमधून काढले. ठिपका पाच-सहा पिक्सेल पसरलेला, म्हणजे ३ आर्कसेकंदांच्या आसपास. म्हणजे सकाळी पावणेआठला, थंडीत, सगळ्यात चांगल्या वेळेलासुद्धा हवा राजगडावर २०-२२ सेंटीमीटरपेक्षा बारीक काही दाखवत नव्हती. मॅक्सुटोवची स्वतःची मर्यादा ०.९ आर्कसेकंद, तिच्या जवळपासही जाता आलं नाही. या जागी ८ इंची टेलिस्कोप आणला असता तरी तेच ३ आर्कसेकंद मिळाले असते.

त्यानंतर मामेभाऊ बालेकिल्ल्यावर चढला, पाऊण तास गेला, आणि तिथे त्याने सुरक्षित जागा बघून अशा ठिकाणी उभं राहायचं होतं की आमच्या बाजूने त्याच्यामागे आकाश येईल. आणि इथे सगळं बदललं. तोच माणूस, तेच जॅकेट, तीच लेन्स, पण मागे उजळ आकाश असल्यावर झूमच्या फोटोतसुद्धा एक सरळ काळी काडी तटाच्या रेषेवर उभी. मॅक्सुटोवमध्ये त्या काडीला डोकं होतं. दोन्ही हात वर करायला सांगितले तर इंग्रजी वाय झाला. १५ किलोमीटरवर माणूस ओळखायला भिंगापेक्षा त्याच्यामागे काय आहे हे जास्त महत्त्वाचं ठरलं, हे मला आधी सुचायला हवं होतं.

साडेनऊनंतर तटाची रेषा थरथरायला लागली. दहा वाजून दहा मिनिटांनी परत आरसा मागितला तर ठिपका वीस पिक्सेलच्या वर, नाचणारा, कधी दोन तुकडे होणारा. ११ आर्कसेकंद, राजगडावर ८० सेंटीमीटर. माणूस तिन्हींतून गायब. दुपारच्या पहिल्या फेरीचा उलगडा तिथे झाला.

मग फरक कशात पडला

पावणेआठ ते नऊच्या मधले फोटो शेजारी ठेवून बघितले. झूम एफ ६.३ला थोडी धुरकट, एफ ८ला एकदम सुधारते, आणि एफ ८ला तिचा व्यास होतो ७५ मिमी, म्हणजे ८०ईडीच्या जवळपास. त्यामुळे ही तुलना मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. फोटोच्या मध्यभागी ८०ईडी पुढे. तटाचे दगड सुटे दिसतात असं नाही, पण उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू यातली रेघ जास्त स्वच्छ, बुरुजाच्या कडेला रंगाची किनार नाही. त्याचं कारण साधं आहे, त्यात चांगल्या प्रतीच्या दोनच काचा आहेत आणि त्या एकाच कामासाठी घासल्यात. झूममध्ये वीसच्या आसपास काचा, त्या पुढेमागे सरकतात, प्रत्येकीवर थोडा प्रकाश परावर्तित होऊन काळ्यात राखाडी मिसळतो. धुकट दृश्यात आधीच काळं-पांढरं जवळ आलेलं असतं, तिथे एवढासा फरकही डोळ्यांना दिसतो.

कोपऱ्यात मात्र उलट. ८०ईडीचं फोकसचं प्रतल थोडं वाटीसारखं वाकलेलं असतं, कोपऱ्यातली झाडं मऊ झाली, त्यासाठी फील्ड फ्लॅटनर, म्हणजे ते सपाट करणारं भिंग, वेगळा घ्यावा लागतो. झूम कोपऱ्यापर्यंत जवळपास सारखी. आणि अख्खा राजगड, सुवेळेपासून संजीवनीपर्यंत, ६०० मिमीच्या एका फ्रेममध्ये मावतच नाही, १५ किलोमीटरवर फ्रेमची रुंदी ६०० मीटरला थोडी कमीच भरते. झूम १५० ते २००वर आणली की काम झालं. टेलिस्कोपने तेच करायला फोटो शेजारी शेजारी काढून जोडत बसायचं. १५००ला तर फ्रेम २३५ मीटर रुंद, बालेकिल्लासुद्धा तुकड्यांत.

मॅक्सुटोव अंधारा आहे. एफ १२, सकाळचं कोवळं ऊन, आयएसओ ८००ला शटर १/२०० मिळालं. आणि शटर हळू चालणार नाही, कारण हवा सारखी हलवते आहे, हळू शटरमध्ये ते सगळं हलणं एकावर एक पुसलं जातं. जलद शटरमध्ये प्रत्येक फोटो वेडावाकडा येतो पण तीक्ष्ण येतो, आणि मग वेडावाकडेपणाची सरासरी काढता येते. आम्ही १२० फोटो सलग काढले, त्यातले सगळ्यात चांगले ३० निवडून ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केले, जसं गुरू-शनीचे करतात तसं. एका फोटोत आणि या ३०च्या बेरजेत जेवढा फरक होता तेवढा झूम आणि टेलिस्कोपमध्येही नव्हता.

आणखी एक गोष्ट फुकटात मिळाली. हवेतलं धुकटपण निळ्या प्रकाशात सगळ्यात जास्त असतं, स्वच्छ हवा तांबड्यापेक्षा निळा प्रकाश चौपटीने विखुरते. म्हणून फोटोतला फक्त तांबडा चॅनल घेतला आणि त्याचं कृष्णधवल केलं. राजगड एकदम पाच किलोमीटर जवळ आला, खरंच. रंग गेला, पण सह्याद्रीच्या कातळाला जानेवारीत तसाही फारसा रंग नसतो. सूर्य आमच्या डावीकडे जवळपास काटकोनात होता, तेव्हा पोलरायझर फिल्टरनेही धुकं कापलं असतं, पण ९५ मिमीचा आमच्याकडे नव्हता.

त्याआधीच्या आठवड्यात भिगवणला तीच झूम आणि ८०ईडी घेऊन गेलो होतो, ते थोडक्यात सांगतो. फ्लेमिंगो उभे असतील, ४०-५० मीटरवर, तर टेलिस्कोपचा फोटो फार सुंदर येतो. थवा उडाला की टेलिस्कोप हातात असून नसल्यासारखा. ऑटोफोकस नाही, हातात धरता येत नाही, फोकसचं चाक फिरवेपर्यंत पक्षी पलीकडच्या काठाला. होडीतून तर विचारच नको.

मामांनी काय घेतलं

मामांना किल्ले हवेत, पण नातवंडं आणि पक्षीही हवेत, आणि गुडघ्यांमुळे वजन जमत नाही. टेलिस्कोप घ्यायचा तर तिपाई, अडॅप्टर, फ्लॅटनर, सगळं मिळून जे ओझं होतं ते एकट्याने झुंजार बुरुजापर्यंत नेणं त्यांना शक्य नाही. त्यांना मी झूमच घ्यायला सांगितली, जुनी, चांगल्या अवस्थेतली, आणि उरलेल्या पैशांत दणकट तिपाई. ज्याच्याकडे आधीच ईडी काचेचा टेलिस्कोप आहे आणि ज्याचा विषय जागेवरून हलत नाही, त्याने फक्त लांबच्या फोटोसाठी महागडी लेन्स घेऊ नये, अडॅप्टर घ्यावा आणि सकाळी लवकर उठावं. आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याने ऑनलाइन स्वस्तात मिळणारा, लांबलचक नळीचा, साध्या काचेचा टेलिस्कोप फोटोसाठी तरी घेऊ नये, तटाच्या कडेला जांभळी किनार येते ती कुठल्याच सॉफ्टवेअरने पूर्ण जात नाही.

मॅक्सुटोव परत केला. पण त्याने काढलेला तो ३० फोटोंच्या बेरजेचा, कृष्णधवल, बालेकिल्ल्याच्या तटाचा फोटो मामांनी प्रिंट करून दिवाणखान्यात लावलाय. इंचाला २०० पिक्सेलने छापला, त्यात मामेभाऊ साडेपाच मिलिमीटर उंच आहे, दोन्ही हात वर. घरी कुणी आलं की मामा त्याला फोटोसमोर नेतात, काही न बोलता थांबतात, आणि त्याला तो सापडला नाही तर बोट ठेवून दाखवतात.

ऑक्टोबरात, पाऊस संपल्यावर हवा धुतलेली असताना परत जायचं ठरलंय. या वेळी तोरण्यावर कोण चढणार यावर दोन भाचे भांडतायत.